रॉकेट कुठून बघायचं? विक्रमभाईंना विचारा!

ग्रुपवर मेसेज पडतो. इस्रोच्या पुढच्या लॉन्चची तारीख आलीय, जायचं का? पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे वर. मग खरी चर्चा सुरू होते. एकाचं म्हणणं, श्रीहरिकोटाच्या गॅलरीतूनच बघायचं, नाहीतर एवढ्या लांब जायचं कशाला? दुसरीला कुणीतरी सांगितलेलं असतं की चेन्नईच्या बीचवरूनही मस्त दिसतं. तिसरा म्हणतो, गर्दीत मान वाकडी करण्यापेक्षा घरी मोबाइलवर बघू, चहा तरी गरम मिळेल. आणि प्लॅन तिथेच अडकतो. रॉकेट नेमकं कुठून बघायचं?

ट्रिप प्लॅनिंगमधला साधा प्रश्न वाटतो ना? पण या प्रश्नाच्या सख्ख्या भावाने एका माणसाला आयुष्यभर कामाला लावलं होतं. आकाशात जे घडतंय ते पाहायचं असेल, तर जमिनीवर उभं कुठे राहायचं? त्या माणसाने याचं उत्तर शोधायला काश्मीरचे बर्फाळ डोंगर गाठले, केरळातल्या मच्छीमारांच्या गावात पाय रोवले आणि आंध्रच्या किनाऱ्यावरचं एक बेट निवडलं. आज आपण ज्या श्रीहरिकोटाला जायचे बेत आखतो, ते त्याच शोधाचं फळ. त्यांचं नाव डॉ. विक्रम साराभाई. इस्रोचे जनक एवढी ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकातून असते. आज जरा त्यांच्या जागांच्या वाटेने त्यांना भेटू.

शाहीबागेतलं घर

१२ ऑगस्ट १९१९. अहमदाबादच्या अंबालाल आणि सरलादेवी साराभाई यांच्या घरी विक्रमचा जन्म झाला. घरची कॅलिको मिल, म्हणजे पैशाला तोटा नाही. आठ भावंडं. शाहीबागेत रिट्रीट नावाचा भलामोठा बंगला. मुलांना बाहेरच्या शाळेत घालण्याऐवजी आईवडिलांनी शाळाच घरी आणली. माँटेसरी पद्धतीने शिकवणारे शिक्षक, हवं ते मोडून-जोडून बघायला वर्कशॉप, आणि पाहुणे म्हणून घरी कोण यायचे? गांधीजी, रवींद्रनाथ टागोर, सी. व्ही. रामन!

एवढ्या लाडाकोडात वाढलेला मुलगा गिरणीच्या गादीवर बसला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण या घराचं पाणी वेगळं होतं. आत्या अनसूयाबेन यांनी अहमदाबादच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती, म्हणजे प्रसंगी आपल्याच भावाच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या. मोठी बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली. आपल्याला पटेल ते काम पूर्ण ताकदीनं करायचं, हे विक्रमने घरातच पाहिलं. त्याला पटलं विज्ञान.

गुजरात कॉलेजनंतर तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजला गेला. १९४० मध्ये नॅचरल सायन्सेसची ट्रायपॉस परीक्षा पास झाला. तोवर युरोपात महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळे परत यावं लागलं. पुढचा मुक्काम बंगळूरु, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. गाइड कोण? साक्षात सी. व्ही. रामन. तिथेच होमी भाभाही होते, तेही युद्धामुळे भारतात अडकलेले. दोघांचाही विषय एकच होता, कॉस्मिक किरण.

किरणांच्या मागे गुलमर्गला

कॉस्मिक किरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे वेगवान कण. आत्ता हे वाचतानाही त्यातले काही तुमच्या आरपार जातायत. ते दिसत नाहीत, मोजावे लागतात. आणि मोजायला बसलं की लगेच लक्षात येतं, की कुठे बसून मोजतोय यावर बरंच अवलंबून आहे. समुद्रसपाटीला डोक्यावर हवेचा जाड थर असतो, त्यात बरेच कण गळून जातात. डोंगरावर गेलं की थर पातळ होतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेच्या कणांना बाहेरच थोपवतं. म्हणजे एकाच आकाशाचं दर जागेला वेगळं दर्शन!

विशी-पंचविशीतला विक्रम म्हणूनच उपकरणं घेऊन काश्मीरला गेला. गुलमर्गच्या वरच्या डोंगरांत थंडीवाऱ्यात मोजमापं केली. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिज गाठलं आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता उष्ण कटिबंधातले कॉस्मिक किरण.

परत आला तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. विक्रम २८ वर्षांचा. नोकरी शोधायच्या वयात त्याने संस्था काढली. नोव्हेंबर १९४७ मध्ये अहमदाबादच्या एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या काही खोल्यांत फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. सगळे तिला पीआरएल म्हणतात. पहिले संचालक स्वतः विक्रम नव्हते. हवामानशास्त्रातले ज्येष्ठ के. आर. रामनाथन यांना त्यांनी बोलावून घेतलं. पुढे पीआरएलची मोजमापं गुलमर्ग, कोडईकनाल आणि त्रिवेंद्रम अशा दूरदूरच्या ठिकाणी सुरू झाली. एक डोंगर उत्तरेत, एक दक्षिणेत, एक जागा थेट समुद्राकाठी.

या काळात या माणसाने किती गोष्टी उभ्या केल्या ते वाचूनच दमायला होतं. कापड उद्योगाच्या संशोधनासाठी अटिरा, नृत्यांगना पत्नी मृणालिनी यांच्यासोबत दर्पणा अकादमी, पुढे १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम. सकाळी मिल, दुपारी लॅब, संध्याकाळी मीटिंग. पण डोळे आकाशाकडेच होते.

नकाशावरची एक रेघ

ऑक्टोबर १९५७. रशियाने स्पुटनिक सोडला आणि जगभरच्या लोकांनी गच्चीवर जाऊन आकाशात सरकणारा ठिपका शोधला. साराभाईंनी त्यात वेगळंच काही पाहिलं. दूरच्या गावांत टीव्हीवरून शिक्षण पोहोचवणं, वादळाची आधी खबर देणं, शेतीला उपयोगी माहिती मिळवणं हे सगळं उपग्रहांमुळे शक्य होणार होतं. गरीब देशाला हे परवडतं का, असा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. साराभाईंचं म्हणणं उलटं होतं. ज्या देशाला लांबच्या गावात तारा आणि रस्ते न्यायला अजून कित्येक वर्षं लागणार आहेत, त्याला तर हे जास्तच हवं. चंद्रावर माणूस पाठवायच्या शर्यतीत त्यांना रस नव्हता.

१९६२ मध्ये भाभांच्या अणुऊर्जा खात्याअंतर्गत अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली. अध्यक्ष विक्रम साराभाई. पहिलं काम? जागा शोधणे!

आणि जागा कुठेही चालणार नव्हती. पृथ्वीवर एक काल्पनिक रेघ आहे, चुंबकीय विषुववृत्त. वर-खाली झुकू शकणारी चुंबकसुई या रेघेवर ठेवली तर ती अगदी आडवी राहते, कुठेच कलत नाही. या रेघेच्या वर, साधारण शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह वाहत असतो. त्याचा अभ्यास करायचा म्हणजे पंचाईत. फुगे तिथवर पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्या बरेच वरून फिरतात. मधल्या भागात जाऊन, मोजून, खाली येणारं वाहन एकच, साउंडिंग रॉकेट. आणि ही रेघ भारतात कुठून जात होती? केरळच्या दक्षिण टोकाजवळून.

शोधमोहिमेत साराभाईंच्या सोबत होते त्यांचे सहकारी डॉ. एकनाथ चिटणीस. आपल्या कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस कॉस्मिक किरणांच्या ओढीने पीआरएलला गेला आणि भारताच्या दोन्ही रॉकेट तळांच्या शोधात सामील झाला. पुढे त्यांनी वयाची शंभरी गाठली. केरळच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागा पाहून झाल्यावर बोट टेकलं ते त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या गावावर. नारळाची झाडं, वाळू, होड्या आणि मच्छीमारांची वस्ती. मधोमध सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च.

चर्च, सायकल आणि विशीतली पोरं

जागा विज्ञानाच्या दृष्टीने परफेक्ट होती. प्रश्न होता तिथे राहणाऱ्या माणसांचा. त्यांची घरं, त्यांचा समुद्र, त्यांच्या पूर्वजांचं चर्च. साराभाई स्वतः त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटायला गेले. त्यानंतरचा प्रसंग डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवला आहे. बिशपनी साराभाईंना लगेच होकार दिला नाही. रविवारच्या प्रार्थनेला यायला सांगितलं आणि तिथे जमलेल्या लोकांपुढेच विषय मांडला. विज्ञानासाठी देवाचं घर द्यायचं का, हे लोकांनाच विचारलं. लोक हो म्हणाले. वस्ती हलली, गावकऱ्यांसाठी दुसरीकडे नवं चर्च उभं राहिलं. बिशपच्या घरात ऑफिस थाटलं गेलं आणि चर्चमध्ये रॉकेटच्या जुळणीचं काम सुरू झालं.

हा भाग वाचताना भारी वाटतं, वाटायलाच हवं. पण क्षणभर थांबून हेही आठवायला हवं, की देशातल्या पहिल्या रॉकेट तळाची पहिली किंमत मोजली ती शास्त्रज्ञांनी नाही, थुंबाच्या मच्छीमारांनी.

तळावर काम करणारी मंडळी कोण होती? बहुतेक विशी-तिशीतली. कलाम तेव्हा तिशी ओलांडलेले. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे तर जेमतेम बावीस वर्षांचे. काही जणांना नासाकडे ट्रेनिंगला पाठवलं होतं, ते परतले ते थेट वाळूत काम करायला. त्रिवेंद्रमच्या लॉजमध्ये राहायचं, जमेल तिथे जेवायचं आणि बसने किंवा सायकलने थुंबा गाठायचं. रॉकेटचा पुढचा टोकदार भाग सायकलच्या कॅरियरवर नेतानाचा तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो काढलाय आंरी कार्तिए ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरने. आज मीम म्हणून फिरतो, पण तेव्हा ते रोजचं काम होतं.

साराभाईंची पद्धत अशी, की या पोरांवर मोठी जबाबदारी टाकायची आणि स्वतः बाजूला व्हायचं. चुकलं तर ओरडा नाही, पण का चुकलं हे नीट सांगता आलं पाहिजे. १९६७ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंड सोडून थुंबाला आले आणि रॉकेटच्या घन इंधनाच्या कामाला लागले. पुढे ते तिथल्या अवकाश केंद्राचे संचालक झाले. विक्रमभाईंच्या टीममध्ये मराठी माणसं बरीच होती, हे आपल्यासाठी बोनस!

केशरी ढग

२१ नोव्हेंबर १९६३. थुंबावरून पहिलं रॉकेट सुटणार होतं. रॉकेट अमेरिकेचं, नायकी-अपाची. आतलं सामान फ्रान्सचं. मदतीला हेलिकॉप्टर रशियाचं. शीतयुद्धाच्या ऐन भरात ही सगळी मंडळी केरळच्या एका चर्चभोवती एकत्र आणणं ही साराभाईंची कमालच म्हणायची. त्या दिवशी भाभाही हजर होते.

सगळं सुरळीत झालं का? छे! रॉकेट उचलून लॉन्चरवर ठेवायच्या वेळी क्रेनची हायड्रॉलिक यंत्रणा गळायला लागली. दुरुस्तीला वेळ नव्हता. मग सगळ्यांनी मिळून हाताच्या जोरावर रॉकेट चढवलं.

घाई कसली होती? तर सूर्यास्ताची. आणि इथेच रॉकेट बघणाऱ्यांसाठी एक मस्त धडा आहे. या रॉकेटमध्ये सोडियम होतं. उंचावर गेल्यावर त्याची वाफ सोडायची, वाऱ्यासोबत ती कशी पसरते ते पाहायचं आणि त्यावरून तिथल्या वाऱ्याचा वेग काढायचा, असा प्रयोग. पण ती वाफ दिसण्यासाठी वेळ अचूक हवी. भर दिवसा सोडली तर उजेडात हरवणार. मध्यरात्री सोडली तर तिच्यावर ऊन पडणार नाही, मग चमकणार कशी? सूर्य मावळल्यानंतर थोडा वेळ असा असतो, की जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. नेमक्या त्या वेळात सोडियम केशरी पिवळं झळकतं. शिवाय वाऱ्याचा हिशोब एका जागेवरून होत नाही. एकाच ढगाचे फोटो लांबलांबच्या ठिकाणांहून एकाच वेळी घ्यावे लागतात, तेव्हा कुठे त्याची उंची आणि दिशा कळते. म्हणजे भारताच्या पहिल्या लॉन्चच्या वेळी आधी ठरवावं लागलं ते हेच, की कुणी कुठे उभं राहून बघायचं!

संध्याकाळी सव्वासहा वाजून गेल्यावर रॉकेट सुटलं. थोड्या वेळाने आकाशात केशरी रेघ उमटली आणि वाऱ्याने तिचा ढग झाला. तो पाहायला पास लागला नाही. केरळ आणि तमिळनाडूतल्या किती तरी लोकांनी आपल्या अंगणातून, रस्त्यावरून, किनाऱ्यावरून तो पाहिला. वाफेवर चालणारा नाही की पेट्रोलवर चालणारा नाही, असा हा कुठला धूर म्हणून बुचकळ्यात पडले ते वेगळंच. देशातलं पहिलं लॉन्च व्ह्यूइंग हे असं पूर्ण खुलं होतं.

चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, इथूनच आपल्या देशात तयार झालेलं रोहिणी-७५ उडालं. नावातला ७५ म्हणजे व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. पेल्याच्या तोंडाएवढं रॉकेट! २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी थुंबा तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पण केला. कुठल्याही देशाच्या शास्त्रज्ञांनी यावं आणि इथून आकाश अभ्यासावं.

पूर्व किनारा हवाय

मधल्या काळात एक धक्का बसला होता. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समध्ये विमान कोसळून भाभा गेले. अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंकडे आली. आता मुंबईतलं आयोगाचं ऑफिस, अहमदाबादचं घर नि पीआरएल, आणि थुंबा अशी तिन्हीकडे पळापळ. आणि डोक्यात नवा प्रश्न. उपग्रह कुठून सोडायचा?

थुंबा का नको? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला हा वेग फुकटात मिळतो. आपल्या दक्षिण भागात तो तासाला सोळाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढा धक्का फुकट मिळत असेल तर सोडणार कोण? पण थुंबाच्या पूर्वेला जमीन आहे, गावं आहेत. रॉकेटचे जळून गेलेले टप्पे खाली पडतात, ते कुणाच्या घरावर पडून चालणार नाही. म्हणजे पूर्वेला मोकळा समुद्र हवा. म्हणजे पूर्व किनारा.

पुन्हा चिटणीस निघाले. १९६८ मध्ये नजर गेली आंध्रातल्या श्रीहरिकोटावर. चेन्नईच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पुलिकतचं खारं सरोवर आणि मध्ये हे लांबट बेट. निलगिरी आणि सुरूची लागवड, वस्ती विरळ. पण विरळ म्हणजे शून्य नव्हे. यानादी आदिवासी पिढ्यान् पिढ्या या भागात राहत होते. थुंबासारखंच इथेही कुणाला तरी आपली जागा सोडावी लागली. रॉकेट बघायला जाताना हे माहीत असलेलं बरं.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी श्रीहरिकोटावरून पहिलं रॉकेट उडालं, रोहिणी-१२५. छोटंसंच. पण तळ सुरू झाला होता.

कोवलमची सकाळ

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस साराभाई थुंबाच्या कामासाठी केरळात होते. मुक्काम कोवलमला, समुद्राकाठी. ३० डिसेंबर १९७१ च्या सकाळी ते खोलीत मृतावस्थेत सापडले. वय अवघं ५२.

कुठल्याही भारतीय रॉकेटने उपग्रह कक्षेत नेलेला त्यांनी पाहिला नाही. आर्यभट्ट १९७५ मध्ये गेला, तोही रशियन रॉकेटवरून. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचं त्यांचं स्वप्न १९७५-७६ च्या साइट प्रयोगात २,४०० गावांत उतरलं, त्याची धुरा चिटणीसांकडे होती. श्रीहरिकोटावरून एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १९७९ मध्ये फसलं आणि १८ जुलै १९८० रोजी ते जमलं. ज्या बेटाची निवड त्यांच्या काळात झाली, तिथे नऊ वर्षांनी लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते नव्हते.

त्यांचं नाव मात्र प्रवासाला निघालं. चांद्रयान-२ च्या लँडरला विक्रम हे नाव दिलं गेलं. २०१९ मध्ये तो उतरताना कोसळला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात व्यवस्थित उतरला. त्या संध्याकाळी तुमच्या कॉलेजात, हॉस्टेलच्या टीव्हीसमोर जो जल्लोष झाला, तो आठवतोय ना?

मग आपण कुठे उभं राहायचं?

साराभाईंकडून घ्यायचं ते हे. जागा ठरवण्याआधी काय बघायचंय ते ठरवा. गुलमर्ग निवडलं कारण कण मोजायचे होते, थुंबा निवडलं कारण तो वीजप्रवाह गाठायचा होता, श्रीहरिकोटा निवडलं कारण उपग्रह पूर्वेला सोडायचा होता. आपणही तसंच करू.

गडगडाट अंगावर घ्यायचाय? मग श्रीहरिकोटाची गॅलरी. २०१९ मध्ये ती सामान्य लोकांसाठी खुली झाली. लॉन्चपॅड काही किलोमीटर लांब आहे, ते सुरक्षेसाठी. मोठ्या स्क्रीनवर काउंटडाऊन दिसतं. आधी उजेड दिसेल आणि आवाज नंतर येईल, कारण आवाजाला दर किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. मनात आकडे मोजा, तुम्ही किती लांब आहात ते कळेल. त्या वेळी मोबाइल खाली ठेवलात तर उत्तम, व्हिडिओ इस्रो तुमच्यापेक्षा चांगला काढते.

रॉकेटची वाट बघायचीय, म्हणजे आकाशात ते कुठून कुठे जातं ते? मग चेन्नईचा किनारा किंवा एखादी उंच गच्ची. आवाजाची अपेक्षा ठेवू नका. आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेकडून वर चढणारा ठिपका आणि मागची धुराची रेघ छान दिसते. समोर दिवे कमी आणि क्षितिज मोकळं असलेली जागा शोधा.

केशरी ढगासारखी जादू बघायचीय? मग जागेपेक्षा वेळेकडे लक्ष द्या. पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या लॉन्चमध्ये जमिनीवर अंधार आणि वर ऊन, असा तोच १९६३ चा हिशोब जमून येतो आणि रॉकेटमागचा धूर आकाशात चमकतो. अशा वेळी लांबच्या गावातूनही काहीतरी विलक्षण दिसू शकतं.

आणि ज्याला हे सगळं सुरू कुठे झालं ते बघायचंय, त्याने तिरुवनंतपुरम गाठावं. थुंबाचं ते चर्च आज अवकाश संग्रहालय आहे. जिथे रॉकेटची जुळणी व्हायची, तिथे उभं राहता येतं.

निघण्याआधी हे बघा

गॅलरीसाठी ऑनलाइन नोंदणी लागते. ती लॉन्चच्या काही दिवस आधी उघडते आणि पटापट भरते. नोंदणी फक्त इस्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, तिथले त्या वेळचे नियम नीट वाचा आणि ओळखपत्र न्यायला विसरू नका.

मुंबई-पुण्याहून आधी चेन्नई, तिथून लोकल किंवा पॅसेंजरने सुळ्ळुरुपेटा. तिथून पुलिकतमधून जाणाऱ्या रस्त्याने श्रीहरिकोटा. हिवाळ्यात गेलात तर सरोवरात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात, त्यामुळे दुर्बीण सोबत ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा, त्यामुळे ढगांची तयारी ठेवा.

बंद केलेल्या भागात घुसू नका, होडीतून जवळ जायचा तर विचारही नको. लॉन्चच्या वेळी समुद्राचा तो भाग मच्छीमारांसाठीही बंद असतो आणि त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. आपली तर फक्त सहल आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चांद्रयान-२ निघणार होतं. लोक रात्र जागून गॅलरीत बसले होते. ५६ मिनिटं उरली असताना काउंटडाऊन थांबलं, तांत्रिक बिघाड. सगळे निराश होऊन परतले. आठवडाभरात, २२ जुलैच्या दुपारी, तेच रॉकेट दिमाखात उडालं. ज्यांना थांबता आलं किंवा पुन्हा येता आलं, त्यांना ते दिसलं.

आत बसला होता विक्रम.